पीएफ काढून गृहकर्ज फेडू का?

प्रश्न : वय ४७, खासगी नोकरी, निवृत्ती ५८ व्या वर्षी. पीएफमध्ये २४ लाख आहेत. गृहकर्ज १८ लाख शिल्लक, व्याज साडेआठ टक्के, हप्ता २१ हजार, अजून ११ वर्षं. पीएफमधून १८ लाख काढून कर्ज एकदाचं संपवू का? मला काही झालं तर घरच्यांवर बोजा नको.

उत्तर : माझं मत, काढू नका. तुमचा हिशोब चुकलेला नाही. पीएफवर ८.२५ टक्के मिळतात आणि कर्जावर साडेआठ जातात, म्हणजे कागदावर कर्ज फेडणं किंचित फायद्याचंच दिसतं.

आता ११ वर्षांचं गणित पाहू. व्याजदर असाच राहिला, तर हे १८ लाख पीएफमध्ये साधारण ४३ लाख होतील. कर्ज फेडून सुटलेला २१ हजारांचा हप्ता दर महिन्याला तेवढ्याच व्याजाने गुंतवला, तर ४४ लाखांच्या आसपास जमतील. पण त्यासाठी १३२ महिन्यांत एकही महिना चुकता कामा नये. हप्ता संपला की ती रक्कम गाडीत, मुलांच्या फीमध्ये, घराच्या रंगरंगोटीत कशी विरते, ते मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. बँक हप्ता कापून घेते; बचत मात्र आपल्यालाच करावी लागते. निम्मीच बचत झाली तर हातात २२ लाख.

शिवाय पीएफमधून काढलेले १८ लाख एकरकमी परत भरता येत नाहीत. व्हीपीएफने (पगारातून पीएफमध्ये स्वेच्छेने जादा भरायची सोय) हळूहळू भरता येतील, पण वर्षाला अडीच लाखांपेक्षा जास्त स्वतःचा वाटा गेला की त्यावरच्या रकमेचं व्याज करपात्र होतं. २१ हजारांचे वर्षाला अडीच लाख होतात, आणि तुमचा नेहमीचा १२ टक्के वाटा वेगळा. म्हणजे तो एक लाखाचा फायदाही बहुतेक करातच जाईल. ईपीएसच्या, म्हणजे पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेच्या, पेन्शनवर भिस्त ठेवू नका. पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या पगाराच्या सध्याच्या १५ हजारांच्या मर्यादेत ३५ वर्षं सेवा झाली तरी ती महिना साडेसात हजारच बसते.

कर व्यवस्था कोणती ते तुम्ही कळवलेलं नाही. जुनी असेल तर राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, आणि तुमचं यंदाचं व्याज दीड लाखाच्या आसपास, म्हणजे पूर्ण त्यात बसतं. मग कर्ज आणखी स्वस्त पडतं. नव्या व्यवस्थेत ही सवलत नाही.

तुमची खरी भीती घरच्यांबद्दलची आहे, आणि त्यावर उपाय विम्याचा आहे. किमान कर्जाएवढा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा आयुर्विमा) घ्या. घरखर्च तुमच्याच पगारावर चालत असेल तर त्याहून बराच मोठा. पीएफचं नामनिर्देशनही तपासा. लग्नाआधी आईवडिलांचं नाव टाकलेलं असतं आणि ते बदलायचं राहून जातं.

कर्ज लवकर संपवायचंच असेल तर हप्ता २६ हजार करा. ते आठ वर्षांत, तुमच्या ५५ व्या वर्षी संपेल आणि व्याजाचे जवळपास तीन लाख वाचतील. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे बोनसही त्यात टाकता येईल. त्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी रक्कम मात्र बाजूला काढा.

व्याज अकरा-बारा टक्के असतं, किंवा पगारातून हप्ता निघतच नसता, तर मी वेगळं सांगितलं असतं.