ठरवलेलं तसं होतच नाही, मग आधीपासून नियोजन करून उपयोग काय?

तुमचा प्रश्न वाचला आणि माझी दुबार पेरणी आठवली. मी यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू शेती करतो. पऱ्हाटी म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर. ठरवलं तसं न होणं आमच्यासाठी दरवर्षीचंच आहे, म्हणून मनापासून सांगतो.

त्या साली मृगाचा पहिलाच पाऊस जोरात आला. शेजारच्या वावरात तिफण चालताना दिसली अन् माझ्यानं राहवलं नाही. सोयाबीन पेरून मोकळा झालो. मग पंधरा दिवस कडक उघाड. माती उकरून पाहिली तर कोंब आतल्या आत करपलेले. बियाणं, खत, मजुरी सगळं पुन्हा, अन् तेही उसनवारीवर.

पाऊस माझ्या हातात नव्हता. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मला ते माहीत होतं, फक्त तसं ठरवलेलं नव्हतं. माझ्या मते नियोजन म्हणजे एवढंच: घाईच्या वेळी जो निर्णय चुकतो, तो डोकं शांत असताना घेऊन ठेवायचा.

आता अंगणात सरळ उभ्या बाजूंचा डबा ठेवला आहे. रोज सकाळी पट्टीनं पाणी मोजतो, कॅलेंडरवर आकडा लिहितो, डबा उपडा करतो. बेरीज १०० च्या जवळ येईपर्यंत तिफण बाहेर निघत नाही, गाव पेरून मोकळं झालं तरी. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे मे महिन्यातच ओल्या पोत्यात गुंडाळतो. चार-पाच दिवसांनी बायको एकेक कोंब मोजते. ७० च्या वर निघाले तर बियाणं ठेवायचं. कमी निघाले तर दुसरं पाहायला हाताशी वेळ असतो.

पैशाचंही तसंच. पोरीला नर्सिंगला घालायचं होतं. फी भरायची जुलै-ऑगस्टमध्ये, अन् तेव्हाच आमचं घर सगळ्यात रिकामं असतं, कारण होतं नव्हतं ते बी-खतात गेलेलं. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला, कापसाचा त्यानंतर, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणून फीच्या महिन्यापासून मागे मोजत आलो. त्यातली तूर सगळ्यात शेवटी हाती येते अन् वाळवून टिकते, तेव्हा तीच राखायची ठरवली.

तुम्हीही तुमच्या ध्येयाला पैसा नेमका कोणत्या महिन्यात लागणार, ते आधी लिहा अन् तिथून मागे या.

पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा तुरीला कडक ऊन दिलं, पाच पोती शिवली अन् त्यांच्यावर कोळशानं ‘फी’ लिहून ठेवलं. मधे एक लग्न निघालं, पंपाची मोटर जळाली. त्या पोत्यांना कोणी हात लावला नाही.