बेकन, हॅम, गॅमन : पाठ, गुडघा, तंगडी

प्रश्न असा : एका इंग्रजी कादंबरीचं भाषांतर चालू आहे. त्यात न्याहारीच्या एकाच प्रसंगात बेकन, हॅम आणि गॅमन असे तिन्ही शब्द येतात आणि कोशात तिघांपुढेही ‘डुकराचे खारवलेले मांस’ एवढंच सापडतं. मग फरक काय? आणि हॅमबर्गरमध्ये हॅम असतं का?

शेवटचं आधी. नसतं. सोलापूरची ती सोलापुरी, तसा हँबुर्ग शहराचा तो हँबुर्गर. लोकांनी तो शब्द भलत्याच जागी तोडला आणि उरलेल्या ‘बर्गर’ला चीज, व्हेज, वाटेल ते चिकटवलं. आतली टिक्की मुळात गोमांसाची.

खरं हॅम निघालं गुडघ्यातून. जुन्या इंग्रजीत ‘हॅम’ म्हणजे गुडघ्यामागची खोलगट जागा, तीही माणसाची. तिथून शब्द वर मांडीकडे सरकला आणि सतराव्या शतकात डुकराच्या खारवलेल्या मांडीला चिकटला. जुना अर्थ आपण क्रिकेटच्या बातम्यांत अजून वाचतो : अमक्याचा हॅमस्ट्रिंग दुखावला. खुर्चीत बसल्याबसल्या गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना बोटं लावून पाहा, ताठ दोऱ्या लागतील. त्याच त्या स्ट्रिंग.

गॅमन म्हणजे तंगडी. उत्तर फ्रान्सच्या बोलीत पायाला ‘गांब’ म्हणत, त्यावरून हा शब्द इंग्रजीत आला. फ्रेंच जाँबों आणि स्पॅनिश हामोन ही त्याची भावंडं. इथे आपल्याला लगेच ‘जंघा’ आठवते, मलाही आठवली होती. पण नातं लागत नाही. ‘गांब’ची वाट बहुधा ग्रीकमधल्या ‘बाक, सांधा’ या अर्थाच्या शब्दाकडे जाते, तर ‘जंघा’चा गोतावळा पावलं टाकण्याशी, चालण्याशी जोडलेला आहे. ध्वनी जुळला की सोयरीक जुळली असं नसतं.

दोन्ही मागच्या पायाचेच, तर आज फरक कशात? ब्रिटनमध्ये गॅमन खारवलेलं पण कच्चं विकतात, घरी आणून शिजवावं लागतं. हॅम तसंच कापून पावात घालता येतं. गॅमन उकडून गार केलं की त्याचं हॅम होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी तुमचं काम भागेल.

बेकनची गंमत वेगळी. मूळ जर्मानिक शब्द पाठीचा, इंग्रजी ‘बॅक’चाच नातलग, फक्त फ्रेंचमधून फिरून आलेला. इंग्रज आजही प्रामुख्याने पाठीच्या मांसाचं बेकन खातो. अमेरिकेत मात्र नुसतं ‘बेकन’ म्हटलं की पोटाकडच्या, चरबीचे पांढरे पट्टे असलेल्या चकत्या येतात. नाव पाठीचं आणि माल पोटाचा! आपण तरी काय करतो? तेल म्हणजे तिळाचं ते तैल, आणि आपण शेंगदाण्याचं तेल बिनदिक्कत म्हणतो. तिकडे टर्कीचंही बेकन मिळतं.

या घरातला फ्लिच हा शब्दही कादंबऱ्यांत भेटतो. तो म्हणजे डुकराची अख्खी खारवलेली कूस. इंग्लंडच्या एसेक्समधल्या डनमो गावची प्रथा अशी, की लग्नानंतर एक वर्ष आणि एक दिवस ज्यांना लग्नाचा पश्चात्ताप झाला नाही, त्या जोडप्याला फ्लिच बक्षीस. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरनेही तिचा उल्लेख केला आहे. हल्ली दर लीप वर्षी लुटुपुटीचा खटला भरवून जोडप्यांची उलटतपासणी होते.

आता भाषांतराचं. ‘खारवलेलं’ हा शब्द चांगला आहे, पण तो कृती सांगतो, पदार्थ नाही. त्याजागी गोव्याच्या सॉसेजचं नाव ‘चोरीस’ घालायचा मोह टाळा : ते मांसाचे तुकडे मीठ, मिरची, व्हिनेगर लावून आतड्यात भरलेले असतात, आणि इथे तिन्ही अख्ख्या मांसाचे प्रकार आहेत. मी बेकन आणि हॅम तसेच ठेवीन. गॅमनला पहिल्या वेळी ‘डुकराची खारवलेली तंगडी’ म्हणेन, आणि पुढे नुसतं गॅमन.