अभिजन वर्ग समाजाला पुढे नेतो की दाबून ठेवतो? आणि त्याच्याशिवाय समाज चालू शकेल का?

मी जळगाव जिल्ह्यातला, कापूस पिकवणाऱ्या घरातला. त्यामुळे उदाहरणं खानदेशातली देतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. माझ्या मते अभिजनांशिवाय, म्हणजे सत्ता आणि प्रतिष्ठा हातात असलेल्या मोजक्या लोकांशिवाय, समाज नाही चालत. परेतो या इटालियन विचारवंताने म्हटलं होतं की एक अभिजन वर्ग हटला की दुसरा त्याच्या जागी येऊन बसतो. रॉबर्ट मिखेल्स या समाजशास्त्रज्ञाने १९११ मध्ये जर्मनीच्या समाजवादी पक्षाबद्दल लिहिताना दाखवलं की समतेसाठी निघालेल्या संघटनेतसुद्धा सूत्रं हळूहळू मोजक्या लोकांकडे जातात. सहकारात 'एक सभासद, एक मत' हा नियम आहे, तरी आपल्याकडे तिथेही सूत्रं मोजक्या घरांकडेच गेलेली आपण पाहतोच. म्हणून अभिजन असावेत की नसावेत यावर वाद घालण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. ते कोणत्या गोष्टी स्वतःच्या ताब्यात ठेवतात आणि कोणत्या दुसऱ्यांसाठी खुल्या करतात, हे बघायला हवं.

तालुक्यातला मोठा माणूस सगळ्यात श्रीमंत असतोच असं नाही. रावेर-यावलकडचे केळीचे व्यापारी किंवा जळगावचे सराफ त्याच्यापेक्षा कितीतरी पैसेवाले असू शकतात. त्याचं बळ वेगळ्या ठिकाणी असतं. पेरणीच्या आधी पीककर्ज विकास सोसायटीतून मिळतं. सोसायटीला पैसा जिल्हा बँकेकडून येतो, आणि बँकेच्या संचालक मंडळावर सोसायट्यांचेच प्रतिनिधी निवडून जातात. पुढे माल बाजार समितीत. मुलाला शिपायाची किंवा शिक्षकाची नोकरी हवी असेल तर शिक्षण संस्था. ही चारही दारं एकाच घराची असली, एका ठिकाणी भाऊ, दुसऱ्या ठिकाणी पुतण्या, तिसऱ्या ठिकाणी साडू, की कुणाला धमकी द्यावीच लागत नाही. लोक स्वतःच जपून वागायला लागतात. काम घेऊन गेलेल्या माणसाकडे बघत आधी बाजूच्याला विचारलं जातं, "कोना माणूस शे हाऊ?" (हा कुणाचा माणूस आहे?) कागद त्यानंतर उघडतात.

माझ्या वडिलांनी एका निवडणुकीत सोसायटीच्या समोरच्या पॅनलमधून अर्ज भरला होता. कुणी एक शब्दाने बोललं नाही. फक्त त्या वर्षी पेरणी होऊन गेली तरी आमचं कर्ज मंजूर झालं नाही, आणि बियाणं सावकाराच्या पैशाने आणावं लागलं. वडिलांनी पुन्हा कधी अर्ज भरला नाही. प्रभाव म्हणजे काय, हे विचाराल तर मी हेच सांगेन. मत त्यांचं होतं, पण ते द्यायची हिंमत दुसऱ्याच्या हातात गेली होती.

आता दुसरी बाजू, आणि ती मी तितक्याच मनापासून सांगतो. अमळनेर घ्या. श्रीमंत प्रतापशेठ हे गिरणीमालक. त्यांच्या पैशातून तिथे १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. एका तालुक्याच्या गावात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला बाहेरून विद्यार्थी येऊन राहतील, ही कल्पनाच केवढी मोठी! पुढे १९४५ मध्ये प्रताप कॉलेज निघालं, म्हणून आसपासच्या खेड्यांतल्या पोरांना पदवीसाठी पुण्या-मुंबईला जायची गरज राहिली नाही. त्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आलेला एक तरुण म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, आपले साने गुरुजी. नंतर ते अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले, १९३० मध्ये नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि पुढे याच गावातल्या गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. मालकाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्थेत आलेला माणूस कामगारांचा होऊ शकला, याला मी त्या देणगीचं खरं यश मानतो.

अमळनेरचीच आणखी एक गोष्ट आहे. १९४५ च्या अखेरीस तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या अनेक साध्या कुटुंबांनी तिचे शेअर घेऊन ठेवले होते, काहींनी ते पिढ्यान्‌पिढ्या विकले नाहीत, आणि ती घरं लक्षाधीश-कोट्यधीश झाली. देणगीची पाटी भिंतीवर लागते. मालकीतला वाटा घरात येतो आणि त्या घराची पत बदलते. गावाला आधार द्यायचा आणि गावाला भागीदार करायचं, यातला फरक आपले पुढारी फार कमी वेळा समजून घेतात, याचं मला वाईट वाटतं.

शिक्षणाबद्दल महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जे मांडलं, ते आजही लागू पडतं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च करता, असा त्यांचा सवाल होता. वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, ही सरकारची समजूत त्यांना मान्य नव्हती. खानदेशात झिरपण्याची वाट बघत बसलेल्यांचं काय झालं, ते शहादा-तळोद्याकडे दिसलं. तिथे भिल्लांच्या जमिनी कर्जापायी आणि फसवणुकीने बिगरआदिवासी जमीनदारांकडे गेल्या. जमिनीचे मूळ मालक त्याच शेतांवर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे मजूर, म्हणून राबू लागले. बड्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षणासाठी म्हणून रखवालदारांची दलं उभारली होती, आणि त्यांची दहशत मजुरांवर होती. हे जमीनदार त्यांच्या समाजात प्रगतिशील म्हणून ओळखले जायचे, सहकार आणि पाण्याच्या योजना त्यांनीच आणल्या होत्या. एकाच हाताने दोन्ही कामं केली.

तिथे बदल वरून आला नाही. अंबरसिंग सुरतवंती हा भिल्ल कार्यकर्ता, गांधीवादी सर्वोदय चळवळीच्या कामातून तयार झालेला. १९७१-७२ मध्ये त्याच्या आणि बाहेरून आलेल्या तरुण कार्यकर्त्यांच्या साथीने आदिवासी संघटित झाले, जमिनी परत मागू लागले, बायकांनी दारूच्या गुत्त्यांवर मोर्चे नेले. अंबरसिंग १९७४ मध्ये अकाली गेला. त्याच वर्षी आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्रात झाला. समाजशास्त्राची पुस्तकं अंबरसिंगला अभिजन म्हणणार नाहीत. पण शेकडो गावं ज्याच्या शब्दावर उठतात, त्याचा प्रभाव कोणत्या साखरसम्राटापेक्षा कमी मानायचा?

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथे भरलं, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि शेतसारा, कुळाने द्यायचा खंड, कर्ज यांवरचा कार्यक्रम तिथे ठरावात आला. देशातले बडे लोक तापीच्या खोऱ्यात आले आणि शेतकऱ्याचं दुखणं ठरावात घालून गेले. स्थानिक माणसांनी राबून ते घडवलं. असे क्षण अभिजनांकडूनच येतात, हेही नाकारू नये.

तुम्हाला तुमच्या तालुक्यातल्या मोठ्या माणसाला जोखायचं असेल, तर त्याचा सत्कार समारंभ बघू नका. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जा. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ती घ्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी अहवाल वाचायला सुरुवात होण्याआधीच मागून "मंजूर, मंजूर" असा आवाज येतो आणि चहा फिरतो. तिथे उभं राहून ताळेबंदातल्या एका आकड्याचा खुलासा मागा, आणि पुढच्या हंगामात तुमच्या कर्जाचं काय होतं, ते बघा.