बांधकामाच्या साइटवर नवा आहेस, तर आधी हे ऐक

उंचीवर सगळेच जपून वावरतात रे, पण चरात उतरताना कुणी विचार करत नाही. मला जास्त धास्ती त्याचीच वाटते. एक घनमीटर माती साधारण दीड टन भरते; छातीपर्यंत गाडला गेलास तरी श्वास घेता येत नाही. चर दीड मीटरपेक्षा खोल आहे आणि बाजूंना फळ्या-टेकू नाहीत, तर मुकादमाला सरळ नाही म्हण. काठाला भेग दिसली, माती भुरभुरू लागली, की लगेच बाहेर ये.

वर काम करताना सेफ्टी बेल्टचा हूक डोक्याच्या वर, पक्क्या जागी अडकव; परांचीच्या सैल पाइपाला नको. आणि स्लॅबवर पडलेला प्लायचा तुकडा न बघता उचलू नकोस, खाली उघडा डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली आरपार पोकळी, असू शकतो.