पेट स्कॅननंतर संध्याकाळी किती उरतं?

प्रश्न : बाबांचं पेट स्कॅन झालं. सकाळी 10 ला 370 मेगाबेकेरेलचं (हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) इंजेक्शन दिलं, टेक्निशियन म्हणाला हाफ लाइफ 110 मिनिटं. म्हणजे 110 मिनिटांत अर्धं आणि पुढच्या 110 मिनिटांत उरलेलं अर्धं, पावणेदोनपर्यंत सगळं साफ ना? बारावीतला मुलगा म्हणतो, आई, असं नसतं. – एक वाचक, नेरूळ

उत्तर : ताई, मुलाचं बरोबर आहे. पावणेदोनला साधारण 92 उरतं, म्हणजे पाव हिस्सा, कारण दर 110 मिनिटांनी अर्धं होतं ते मूळच्या 370 चं नाही, त्या घडीला जे शिल्लक असेल त्याचं. इंजेक्शनमधल्या फ्लोरीन-18 च्या, म्हणजे किरणोत्सर्गी फ्लोरीनच्या, अणूला वय नसतं हो, तो कितीही वेळ टिकलेला असू दे, पुढच्या 110 मिनिटांत त्याचा ऑक्सिजन व्हायची शक्यता निम्मीच.

आता हिशोब. गेलेल्या वेळेला हाफ लाइफने भागा, जो आकडा येईल तो 0.5 चा घात. संध्याकाळी 7 ला 540 मिनिटं झाली, भागिले 110 म्हणजे 4.91, आणि मोबाइलच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर 0.5 चा 4.91 घात काढला की 0.033 येतं, गुणिले 370, म्हणजे जेमतेम 12 मेगाबेकेरेल. घात पूर्णांक नसला तरी काही बिघडत नाही, मुलं इथेच अडकतात. मुलगा पुस्तकातलं 0.693 आणि ई वालं सूत्र वापरेल, उत्तर तेच.

12 मेगाबेकेरेल म्हणजे तरी सेकंदाला 1 कोटी 20 लाख अणू बदलतायत. ऐकून धसका घेऊ नका, सकाळचं पूर्ण 370 सुद्धा वजनात ग्रॅमचा साधारण 1000 कोटीवा भाग होतं, इतके बारीक असतात अणू! दुसऱ्या दिवशी 10 ला 0.04 उरतं. शून्य कागदावर कधीच येत नाही.

हेच गणित औषध पाठवणाऱ्यांनाही करावं लागतं, गाडी सायन-पनवेल हायवेला तासभर अडकली तर 31 टक्के माल रस्त्यातच संपतो, म्हणून निघतानाच जास्त भरतात.

आणि हो, बाबांच्या अंगात याहून कमीच असणार, कारण काही भाग लघवीवाटे जातो, त्यांना पाणी भरपूर द्या. लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून किती तास लांब राहायचं ते मात्र सेंटरने सांगितलंय तसंच पाळा.