मेमरी वाढवता येईल असाच लॅपटॉप घ्यावा

प्रश्न : मी सांगलीजवळच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. माझे वडील एसटीत वाहक असून त्यांनी लॅपटॉपसाठी ३८ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. त्यात दोन लॅपटॉप बसतात. पहिल्यात रायझन ३ ७३२०यू हा प्रोसेसर, ८ जीबी मेमरी (रॅम) आणि ५१२ जीबी एसएसडी (फाइल साठवण्याची जागा) असून तो हलका आहे. दुसऱ्यात इंटेल कोअर आय३-१२१५यू प्रोसेसर आणि तेवढीच मेमरी व एसएसडी आहे. तो थोडा जड आणि अडीच हजारांनी महाग आहे. ‘७००० मालिकेचा प्रोसेसर नवा आहे, तोच घ्या,’ असे दुकानदार म्हणतात. चार वर्षे पुरेल असा कोणता घ्यावा?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुम्ही दुसरा लॅपटॉप घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र त्यात मेमरीसाठी जादा जागा असल्याची खात्री आधी करून घ्या.

दुकानदारांनी सांगितलेल्या आकड्याविषयी प्रथम लिहितो, कारण त्यावरून पुष्कळ विद्यार्थ्यांची दिशाभूल होते. ७३२०यू या नावातला ७ हा अंक केवळ २०२३ या विक्रीवर्षाचा निदर्शक आहे. प्रोसेसरची मूळ रचना कोणती, हे तिसऱ्या अंकावरून कळते. येथे तो २ आहे, म्हणजे ही ‘झेन २’ रचना असून ती २०१९ मध्ये प्रथम बाजारात आली. याउलट आय३-१२१५यू हा २०२२ चा प्रोसेसर सहा कोअरचा (म्हणजे सहा गणन-केंद्रांचा) असून, त्यातले दोन वेगवान आणि चार कमी वीज खाणारे आहेत. प्रोग्राम कंपाइल करताना, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम संगणकाच्या भाषेत बदलताना, हा फरक तुम्हाला जाणवेल.

तरीही माझ्या दृष्टीने निर्णायक मुद्दा मेमरीचा आहे. ७३२०यू केवळ एलपीडीडीआर५ प्रकारची मेमरी चालवतो आणि ती मदरबोर्डवरच (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट-पट्टीवर) कायमची जोडलेली असते, त्यामुळे आज घेतलेली ८ जीबी शेवटपर्यंत ८ जीबीच राहते. पहिली दोन वर्षे सी, जावा, पायथन या प्रोग्रामिंग भाषांसाठी ती पुरते. पुढे मोबाइल ॲप तयार करण्याचा प्रकल्प हाती आला, तर ॲप बनवण्याच्या एकट्या अँड्रॉइड स्टुडिओ या सॉफ्टवेअरलाच किमान ८ जीबी लागतात आणि सोबत एम्युलेटर (लॅपटॉपवरच चालणारा आभासी फोन) चालवायचा असेल तर १६ जीबी. त्या वेळी दुसऱ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबीची आणखी एक पट्टी बसवता येईल. पहिला मात्र बदलावाच लागेल, आणि वडिलांकडे पुन्हा एवढी रक्कम मागण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

पहिल्या लॅपटॉपची जमेची बाजूही सांगायला हवी. त्याचा प्रोसेसर वीज कमी वापरतो आणि वजनही कमी आहे, त्यामुळे रोज एसटीने ये-जा करणाऱ्या आणि मुख्यतः टिपणे, सादरीकरणे, व्हिडिओ एवढेच काम असलेल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मी तोच सुचवला असता.

आता दुसऱ्या लॅपटॉपमधल्या जादा जागेची खात्री कशी करायची, ते पाहू. दुकानातला नमुना सुरू करून ‘टास्क मॅनेजर’मधील ‘परफॉर्मन्स’ विभागात ‘मेमरी’ उघडा आणि ‘स्लॉट्स यूज्ड’ या ओळीत दोनपैकी एकच जागा वापरात आहे का, ते बघा. ही नोंद कधी कधी चुकीची असते, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलची सेवा-पुस्तिकाही पडताळून पाहा. या प्रोसेसरसोबत काही मॉडेलांत डीडीआर४, तर काहींत डीडीआर५ मेमरी असते. तोही प्रकार लिहून ठेवा, कारण एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. पट्टी बाहेर बसवली तर वॉरंटी कायम राहील का, हे अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी घ्या.

दोन्ही पडदे मात्र शेजारी शेजारी ठेवून तिरक्या कोनातून पाहाच. दुसऱ्याचे रंग बाजूने पाहताना फारच फिके पडत असतील, तर याच प्रोसेसरचे दुसरे मॉडेल दाखवायला सांगा.