धूर दिसला पाहिजे : नायट्रो हेलिकॉप्टरवरचे वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वर्षभर लहान इलेक्ट्रिक मॉडेल हेलिकॉप्टर रिमोटवर उडवतोय. स्थिर हॉवर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं, जमतो. आता इंजिनाचं, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणारं नायट्रो, घ्यायचं आहे. ३० वर्गाचं घेऊ, ५० चं की थेट ९० चं?

उत्तर : ५०. हे आकडे म्हणजे घन इंचाचे शंभरावे भाग. ३० म्हणजे साधारण ५ सीसी, ५० म्हणजे ८ सीसीच्या जरा वर आणि ९० म्हणजे १५ सीसीच्या आसपास. ३० वर्गाचं यंत्र पडलं तर नुकसान कमी होतं, पण वाऱ्याची झुळूक आली की ते डोलतं आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात चुकला. ९० देखणं असतं, पण त्याची सुमारे ७०० मिमीची कार्बन पाती शिकण्यासाठी नाहीत. ५० वर्गाला ६०० मिमीची पाती लागतात. रोटरचा व्यास १.३५ मीटरच्या आसपास भरतो, त्यामुळे ते लांबूनही नीट दिसतं आणि हवेत ठाम राहतं.

मात्र नवं मॉडेल निवडण्याआधी सुटे भाग बघा. इलेक्ट्रिकने बाजार काबीज केल्यापासून कित्येक नायट्रो मॉडेलं बंद झाली आहेत. मुख्य शाफ्ट, स्पिंडल शाफ्ट, टेल बूम, मोठं गिअर आणि क्लचचं अस्तर या पाच गोष्टी मिळत नसतील, तर यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नका.

प्रश्न : मॉडेल विमानासाठी आणलेलं इंधन शिल्लक आहे. ते चालेल का? आणि नायट्रो किती टक्के असावं?

उत्तर : डब्यावर आधी तेलाची टक्केवारी वाचा, नायट्रोची नंतर. हेलिकॉप्टरचं इंजिन कॅनॉपीच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या आत, पंख्याच्या वाऱ्यावर थंड होतं आणि सतत ओझ्याखाली चालतं. त्याला १८ ते २० टक्के तेल हवं. रेसिंग कारच्या इंधनात तेल बरंच कमी असतं, त्यामुळे ते इथे वापरायचं नाही. विमानाच्या इंधनात तेल पुरेसं असेल तर ते चालेल, ताकद थोडी कमी वाटेल इतकंच.

सुरुवातीला नायट्रोमिथेन १५ ते २० टक्के पुरे. या द्रवाच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. म्हणून तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं आणि आयडलही, म्हणजे थ्रॉटल खाली असतानाची संथ चालही, शांत बसते. याचीच दुसरी बाजू लोक विसरतात : टक्केवारी वाढवली की इंजिनाला इंधनही जास्त लागतं. १५ वरून ३० वर गेलात आणि नीडल, म्हणजे कार्ब्युरेटरवरचा इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, जुन्याच जागी ठेवली, तर तुम्ही इंजिन लीन केलंत, म्हणजे त्याला इंधन कमी पडू लागलं.

या इंधनातला मुख्य घटक मेथॅनॉल विषारी आहे, तो त्वचेतूनही शरीरात जातो. हाताला लागलं तर लगेच धुवा, आणि नळीतलं इंधन तोंडाने ओढायचं नाही. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. गवत विनाकारण करपताना दिसलं, तर तिथे आग आहे असं समजा.

प्रश्न : नवं इंजिन आहे. पहिल्या टाकीपासून नीडल कशी लावायची? मित्र म्हणतो, आवाज खणखणीत येईपर्यंत बंद करत जा.

उत्तर : मित्राचा सल्ला बाजूला ठेवा. लीन होत चाललेलं इंजिन बिघडण्याच्या अगदी आधी सर्वांत छान वाजतं.

नीडल घड्याळाच्या दिशेने फिरवली की बंद होते, म्हणजे लीन. उलट फिरवली की रिच, म्हणजे इंधन जास्त. पूर्ण बंद करून इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितलेले फेरे उघडा. ५० वर्गात हाय नीडल (जास्त थ्रॉटलवरचं इंधन ठरवणारी) बहुधा दीड ते दोन फेऱ्यांच्या दरम्यान असते. त्यावर आणखी पाव फेरा उघडा. नवं इंजिन हेलिकॉप्टरवर बसवूनच चालवायचं, पात्यांसकट. पाती काढून चालवलं तर ओझंच नसतं, इंजिन बेफाम फिरतं आणि नव्या भागांना त्याचाच त्रास होतो.

पहिल्या तीन ते पाच टाक्या फक्त हळू हॉवर. आवाज गुळण्या केल्यासारखा, घोगरा येईल. ताकद कमी वाटेल, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराची जाड शेपटी निघेल. हे सगळं बरोबर आहे. दर टाकीनंतर नीडल दोन क्लिक बंद करा, जास्त नाही. प्रत्येक बदलानंतर एक मिनिट हॉवर करा, उतरा, इंजिन थांबवा आणि क्रँककेसच्या मागच्या झाकणावर बोट टेकवा. चार-पाच सेकंद ठेवता आलं तर ठीक. टेकवताच बोट झटकावं लागलं तर नीडल लगेच उघडा. तापमान मोजायचं यंत्र असेल तर उत्तम, पण बोटाची सवय मैदानावर कायम सोबत असते.

लो नीडल, म्हणजे आयडलवरचं इंधन ठरवणारी, तिच्यासाठी चिमटीची परीक्षा करा. गरम इंजिन आयडलवर असताना कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी दोन बोटांत दाबून धरा. आवाज किंचित चढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडलं तर जागा बरोबर आहे. बराच वेळ चढत राहिलं तर रिच आहे, न चढता लगेच मेलं तर लीन. लो नीडल एकदम बदलू नका. एक अष्टमांश फेरासुद्धा खूप होतो.

उभ्या चढाईत धुराची रेघ दिसलीच पाहिजे. चढताना वीसेक सेकंदांनी रोटर मंदावला आणि धूरही नाही, तर रोटर मंदावण्याचं कारण ताकदीची कमतरता नाही, इंधनाची आहे. नवशिके नेमके इथेच नीडल आणखी बंद करतात, आणि पिस्टन-सिलेंडर बदलायची वेळ येते.

प्रश्न : इंधन पेटवणारा ग्लो प्लग वारंवार जळतो. प्लग खराब की इंजिन?

उत्तर : काढून भिंगाखाली बघा. तार चकचकीत आणि ओली असेल तर इंजिन रिच आहे. तार मळकट, खरखरीत किंवा एका बाजूला मुडपलेली असेल तर लीन आहे. तारेवर बारीक रुपेरी ठिपके दिसले तर ते ॲल्युमिनियम आहे, म्हणजे आत काहीतरी झिजतंय. तेव्हा नवा प्लग लावून उडवू नका.

ग्लो प्लग १९४७ साली रे आर्डन यांनी बाजारात आणला आणि तत्त्व अजून तेच आहे. प्लॅटिनमयुक्त तारेवर मेथॅनॉलची प्रक्रिया होऊन तार लाल राहते, म्हणून एकदा इंजिन सुरू झालं की बॅटरी काढता येते. सुरू करताना फक्त सव्वा ते दीड व्होल्टचा क्लिप-इग्नायटर लागतो. बारा व्होल्टची बॅटरी थेट जोडली तर प्लग एका क्षणात जातो.

प्रश्न : स्टार्टर लावला तर इंजिन फिरतच नाही, घट्ट अडकल्यासारखं वाटतं.

उत्तर : थांबा. सिलेंडरमध्ये इंधन भरलंय आणि द्रव दाबला जात नाही. स्टार्टरने जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, भोकावर फडकं ठेवा, नळी दाबून धरा आणि स्टार्टरने दोन सेकंद फिरवा. इंधन बाहेर फेकलं जाईल. चेहरा त्या रेषेत नको.

नेहमी सुरू करण्याचा क्रम असा : ट्रान्समीटर चालू, थ्रॉटल खाली, थ्रॉटल होल्ड (थ्रॉटल खालीच धरून ठेवणारं बटण) चालू, आयडल-अप (काठी खाली असली तरी इंजिनाचे फेरे चढे ठेवणारं बटण) बंद आहे ना ते बोटाने चाचपून बघायचं, मग रिसीव्हर. एका हाताने रोटर हेड मुठीत धरायचं, पात्यांच्या पकडीच्या आत. मग क्लिप, मग स्टार्टर. इंजिन लागल्यावर क्लिप काढा, पण मूठ सोडू नका. मूठ धरूनच यंत्र उचलून मोकळ्या जागी न्या, ठेवा, सोडा, आणि दहा मीटर मागे या. आयडल-अप चालू राहिलं असेल तर क्लच एकदम पकडतो आणि मुठीतलं हेड फिरायला बघतं. ही मूठ त्याच क्षणासाठी आहे.

प्रश्न : आयडलवरही रोटर हळूहळू फिरतो. दुरुस्ती काय?

उत्तर : आधी आयडल कमी करा. तरी फिरला तर लो नीडल लीन असू शकते, तिने आयडल आपोआप चढतो. मग क्लच तपासा : अस्तराला तेल लागलंय का, क्लच आणि त्याच्याभोवतीची वाटी, म्हणजे बेल, एका रेषेत आहेत का.

प्रश्न : टाकी निम्मी झाली की इंजिन हमखास बंद पडतं. भरलेल्या टाकीवर छान चालतं.

उत्तर : टाकीतलं इंधन सायलेन्सरच्या दाबाने ढकललं जातं. पातळी खाली गेली की मिश्रण आपोआप थोडं लीन होतं, त्यामुळे भरलेल्या टाकीवर अगदी काठावर लावलेली नीडल निम्म्या टाकीवर धोक्यात जाते. दोन क्लिक उघडून बघा. फरक पडला नाही तर दाबाची नळी सायलेन्सरपाशी सुटलेली किंवा चिरलेली आहे का बघा. नंतर टाकी उघडून वजनदार क्लंक (इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन) आणि त्याची मऊ नळी तपासा. एखाद्या आपटीनंतर क्लंक पुढच्या बाजूला दुमडून अडकतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. नळीत बुडबुडे दिसत असतील तर टाकीला कंपन पोचतंय आणि इंधनाला फेस येतोय. टाकीच्या आधारांना रबर लावा, आणि कंपनाचं मूळ शोधा : वाकडा शाफ्ट, किंवा संतुलन न केलेली पाती. मुख्य टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये वेगळी छोटी हेडर टाकी बसवली तरी बुडबुडे कार्ब्युरेटरपर्यंत पोचत नाहीत, पण कंपन तसंच राहतं.

प्रश्न : पहिल्या हॉवरसाठी सेटिंग काय ठेवू?

उत्तर : पात्यांचा कोन, म्हणजे पिच, पिच गेजने मोजून थ्रॉटलची काठी तळाला असताना उणे २ अंश, मध्याला अधिक ५, वर अधिक ९ ते १०. रोटर मिनिटाला १५०० ते १६०० फेऱ्यांवर. प्रशिक्षणाच्या आडव्या काठ्या लावा. जमिनीलगत, म्हणजे अर्ध्या व्यासाच्या आत, स्वतःच्याच वाऱ्यात यंत्र घसरतं. भीतीने तिथेच रेंगाळू नका, एक मीटरवर न्या.

उडण्याआधी शेपूट स्थिर ठेवणाऱ्या जायरोची दिशा तपासा. यंत्र हातात उचला, नाक डावीकडे वळवा. शेपटीचा सर्व्हो नाक उजवीकडे आणण्यासाठी हलला पाहिजे. उलट हलला तर उचलताच ते भोवऱ्यासारखं फिरेल. शेपूट भराभर थरथरत असेल तर गेन, म्हणजे जायरोची संवेदनशीलता, पाच-पाचने कमी करा. फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावर, थ्रॉटल आयडलवर आहे हे ट्रान्समीटर बंद करून पाहा, अर्थात इंजिन बंद असताना. आणि रिसीव्हरची बॅटरी चार्ज करा. इंजिन इंधनावर चालतं म्हणून हे कित्येकांच्या लक्षातच राहत नाही.

धातूत धातू बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळा, मध्यम थ्रेडलॉक हवा, आधी तेल पुसून. प्लॅस्टिकला तो लावू नका, तडे जातात.

प्रश्न : दिवसाच्या शेवटी काय करायचं?

उत्तर : टाकी पूर्ण उपसा. इंजिन सुरू करून नळी दाबा आणि आतलं इंधन जळून आपोआप बंद पडू द्या. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. उरलेलं इंधन आत राहिलं की बेअरिंगना गंज चढतो. प्लग काढून आफ्टर-रन तेलाचे पाच-सहा थेंब आत, तितकेच कार्ब्युरेटरमधून, आणि स्टार्टर दोन क्षण फिरवा. इंधनाच्या डब्याचं झाकणही तेव्हाच घट्ट करा.